फळ्या काढल्याशिवाय फोटो नाही

त्या सकाळी पदेराने, म्हणजे सायकलवरच्या पाववाल्याने, शेजारच्या वामनबाबच्या फाटकासमोर तीनदा भोंगा वाजवला. आमच्या कॉलनीत कुणी पावासाठी फाटकाला पिशवी अडकवून ठेवतं, कुणी गॅलरीतून दोरीला टोपली सोडतं. वामनबाब मात्र रोज स्वतः बाहेर येणार, उंडे म्हणजे गोल पाव दाबून बघणार, पदेराशी दोन शब्द बोलणार आणि मगच आत जाणार. म्हणून पदेर सायकलवरून उतरून थांबला होता. झोप लागली असेल रे त्याला, जा तू पुढे, असं मी खिडकीतून ओरडून सांगणार, एवढ्यात मधल्या कुंपणापाशी वामनबाबची बायको शालनबाय येऊन उभी राहिली. केस विंचरलेले, पदर सावरलेला. "मीना," ती म्हणाली, "हो उठना गो..." हा उठत नाही, एवढंच. पदेराला ते ऐकू गेलं असावं. त्याने चार उंडे कागदात गुंडाळून फाटकावर ठेवले आणि भोंगा न वाजवता तो पुढच्या गल्लीत गेला.

वामनबाब गेला त्याला आता महिना उलटून गेला. या महिन्यात वामनबाबवर जे जे छापून आलं ते मी वाचलं आणि खरं सांगायचं तर माझं डोकं फिरलं. कुणी त्याला हरवत चाललेल्या गोव्याचा साक्षीदार म्हटलंय, कुणी काळाच्या पडद्याआड जाणाऱ्या खुणा टिपणारा कलावंत. डिचोलीच्या बाजारात पासपोर्ट साइज फोटोंचा स्टुडिओ चालवणारा हा माणूस फावल्या वेळात स्कूटरवरून पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या रस्त्यांकडेची हॉटेलं, केस कापायची दुकानं, सोड्याचे गाडे, पंक्चरवाले यांचे फोटो काढत फिरला, एवढं खरं. पण हरवणं हा शब्द त्याच्यासमोर कुणी उच्चारला की तो उसळायचा. "हरवूंक ती किदें सत्री गो?" असं मलाच एकदा म्हणाला होता. छत्री बसमध्ये विसरली तर हरवते. दुकान हरवत नाही, ते कुणीतरी बंद करतं, आणि बहुतेक वेळा बंद करणारा आपल्याच घरातला असतो. हे मी अनुभवाने लिहितेय, ते पुढे येईलच. आणि हो, इतक्या वर्षांत मी त्याला कधी अहोजाहो केलं नाही. कोंकणीत त्याची गरज पडत नाही. आता मराठीत लिहिते म्हणून सुरू केलं तर तो जिथे असेल तिथून हसेल.

आमची कॉलनी डिचोली शहराच्या कडेला आहे. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा सगळे नवे नोकरदार, सगळ्यांची घरं एकाच साच्यातली, आणि प्रत्येकाच्या मनात एकच चिंता, की आपण आता गावचे दिसता कामा नये. त्यातूनच कॉलनीच्या समितीने एके वर्षी ठराव केला, की पदेराने पहाटे भोंगा वाजवत आत येऊ नये, हमरस्त्यावर थांबावं, ज्याला हवं तो तिथे जाईल. वामनबाब बैठकीला होता. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो आपलं लाल स्टूल घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. वामनबाब बुटका होता, त्यामुळे हे स्टूल कायम त्याच्या स्कूटरच्या पायापाशी आडवं ठेवलेलं असे. ज्या स्टुलावर बसून अर्ध्या तालुक्याने पासपोर्टचे फोटो काढून घेतले तेच हे स्टूल. त्यावर चढून त्याने पदेराचा फोटो घेतला. भोवती लुंगी-गाऊनमधले आम्ही सगळे, आणि ऐन मध्यभागी खुद्द समितीचे अध्यक्ष, बनियनवर, हातात पदेराकडून घेतलेल्या कोंड्याच्या तीन पोळ्या आणि दोन कातरे पाव. आठवडाभर तो फोटो स्टुडिओच्या काचेत, एक नवरानवरी आणि एक पावडर लावलेलं बाळ यांच्या मधोमध झळकत होता. अख्खा बाजार बघून गेला. ठरावाचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही, आणि भोंगा अजून वाजतोय.

बघणारे म्हणत, वामनबाबला जुन्याचं वेड आहे. वेड होतंच, पण त्याला एक कडक नियम होता. बंद दुकानाचा फोटो तो काढत नसे. गंजलेलं शटर, कुलपावर चढलेली वेल, उडालेल्या रंगाची पाटी, असले फोटो लोक हौसेने काढतात आणि वा वा म्हणतात. वामनबाब म्हणायचा, "बंद दुकानाचो फोटो म्हणल्यार मड्याचो फोटो. हांव मड्याचे फोटो काडिना." मग तो त्या दुकानाच्या मालकाला शोधून काढी, त्याच्या घरी खेपा घाली, विनवण्या करी, भांडत बसे, आणि एका दिवसापुरतं का होईना दुकान उघडायला लावी. न्हाव्याने खरोखर कुणाची तरी दाढी करायला हवी, हॉटेलात खरोखर चहा उकळायला हवा. काम चालू असतानाच फोटो निघणार, आणि मालक फोटोत हवाच. फोटोच्या पाठीमागे तो तीन गोष्टी लिही... जागेला लोक काय म्हणतात ते नाव, मालकाचं नाव, आणि त्या दिवशी तिथे काय काम झालं ते.

शिरगावच्या रस्त्यावर खाणींचे ट्रक धावत होते तेव्हा तिथे वेंगुर्ल्याकडच्या एका माणसाचं पंक्चरचं खोपटं होतं. खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले, पंक्चरं थांबली, माणूस खोपट्याला साखळी लावून भावाच्या घरी जाऊन बसला. वामनबाबने त्याला तिथून उठवून आणलं. "पण काका, गिऱ्हाईक खंय?" तो माणूस म्हणाला. वामनबाबने रस्त्याकडे बोट दाखवलं, आपणच वळणापर्यंत गेला आणि पाच मिनिटांनी बसलेल्या चाकाची स्कूटर ढकलत, घामाघूम होऊन परत आला. त्या माणसाने ट्यूब बाहेर काढली, खिळा उपटला, उजेडात धरला आणि म्हणाला, "काका, ह्यो खिळो नवो असा. ह्यो रस्त्यावरचो न्हय, ह्यो दुकानातलो." वामनबाब कॅमेऱ्याआडून ओरडला, "तूं पंक्चर काड, चौकशी नंतर कर!" त्या फोटोत तो पंक्चरवाला तोंड भरून हसतोय. मागे लिहिलंय, एक पंक्चर. गंमत म्हणजे फोटो चालला असताना आणखी दोन स्कूटरवाले थांबले, आणि तो माणूस पुढचा सबंध हंगाम तिथे बसला. सगळीकडे असं झालं नाही. पुष्कळ जागा त्या एका दिवसानंतर पुन्हा मिटल्या, काही तर आता रस्त्याच्या डांबराखाली आहेत. पण त्या मेल्या त्या उघड्या असताना, असं वामनबाब मानायचा आणि हिशेब तिथे संपवायचा.

आता माझं सांगते. पार्से गावात, माझ्या माहेरी, वळणावर एक वड आहे आणि वडाखाली माझ्या बापाचं हॉटेल. गोव्यात चहाच्या टपरीलाही हॉटेलच म्हणतात. चार बाकं, एक काचेचं कपाट, पातळ भाजी, पाव, मिरच्या, बन आणि चहा. दर्शनी भिंत अशी नव्हतीच, नऊ उभ्या फळ्या होत्या. सकाळी काढायच्या, रात्री खाचेत सरकवून लावायच्या. बापाचं नाव भिकाजी. मी शाळेतून आल्यावर तिथे कप विसळायची. पुढे शिकले, डिचोलीला सरकारी कचेरीत लागले, कॉलनीत राहायला आले, आणि वडील काय करतात असं कुणी विचारलं की "धंदा आहे" म्हणून विषय बदलायला शिकले. एकदा बाबा कामासाठी डिचोलीला आले. अंगात हॉटेलातलाच सदरा, हातात डबा, माझ्यासाठी भाजी आणलेली. थेट कचेरीत माझ्या मेजापर्यंत आले. मी डबा घेतला, दोन वाक्यं बोलले आणि त्यांना लगबगीने वाटेला लावलं. शेजारच्या बाईने विचारलं, "कोण गो?" मी म्हटलं, "गांवचो एकलो." गावचा कुणीतरी. बाबा तोपर्यंत दारापर्यंतच पोचले होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला आजतागायत ठाऊक नाही. ते वळले नाहीत, एवढंच मला माहीत आहे.

बाबांना जाऊन सात वर्षं झाली आणि फळ्या तेव्हापासून बंद आहेत. माझा भाऊ सुहास मुरगावला गोदीत नोकरी करतो, त्याचं घरदार तिकडेच. त्याने गेल्या वर्षी ठरवलं, की हॉटेल पाडून जागा मोकळी करायची. छप्पर खचलंय, उद्या पावसात कुणाच्या डोक्यावर येईल, हे त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्याने माझी संमती मागितली. मी लगेच हो म्हटलं. इतक्या पटकन हो म्हटलं की तोही चमकला. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की मशीन आणून पाडायचं, असं ठरलं. मनातलं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

वामनबाबला हे कळल्यापासून त्याने माझा पिच्छा पुरवला. "तूं फकत फळयो काड, उरिल्लें हांव पळयतां." उरलेलं म्हणे तो बघणार. मी आज नको म्हणायची, किल्ली भावाकडे आहे म्हणायची, निवृत्तीची कागदपत्रं चालली आहेत म्हणायची. किल्ली माझ्याच कपाटात होती. बरं, त्याला दुसरं काम नव्हतं असंही नाही. मोबाइल आल्यापासून स्टुडिओत कुत्रं फिरकत नव्हतं, तरी नवाच्या ठोक्याला शटर वर जाई आणि शालनबाय हातात कंगवा घेऊन तयार बसे. गिऱ्हाइकाचे केस नीट करून "हनवटी वयर" म्हणायचं काम चाळीस वर्षं तिचंच. मी एकदा चिडून म्हटलं, "आधी स्वतःचा स्टुडिओ सांभाळ, मग लोकांच्या फळ्या काढ." तो म्हणाला, "सांभाळटां म्हणूनच तुका सांगतां." त्यावर मी आणखी चिडले.

तो जायच्या दोन दिवस आधी संध्याकाळी कुंपणापाशी आमचं शेवटचं बोलणं झालं. बोलणं कसलं, भांडणच. मी म्हटलं, "चवथ जाऊ दे, मग बघू." तो म्हणाला, चवथीनंतर तिथे बघायला माती उरेल. मी म्हटलं, उरू दे, माझ्या बापाचं हॉटेल आहे, तुझ्या नाही. तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "त्या दिसा कचेरींत तुवें ताका गांवचो एकलो म्हळें. हांव थंयच आसलों, फोटो दिवंक आयिल्लों. तो भायर पांवड्यार बसलो मागीर. हांवें ताका पाणी दिलें." ... बाबा बाहेर पायरीवर बसले होते, आणि त्यांना पाणी याने दिलं होतं. इतकी वर्षं हा माणूस माझ्या शेजारी राहिला, माझ्या घरच्या प्रत्येक चवथीला आरतीत उभा राहिला, आणि हे त्याने पोटात ठेवलं होतं. मी काहीतरी तोडून बोलले, आत निघाले. पाठीमागून त्याचा आवाज आला, "पाडपाचें आसल्यार पाड गो. पूण उगड्या दुकानाक पाड. बंद पडिल्ल्याक कोणूय पाडटा!"

त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. दोन दिवस त्याला खिडकीतून बघून पडदा ओढला, आणि तिसऱ्या सकाळी पदेर तीनदा भोंगा वाजवून थांबला. माणसं गेली की आपण म्हणतो, निदान शेवटी गोड बोलणं झालं होतं. आमचं नव्हतं झालं. याचं मला वाईट वाटतं, पण वामनबाबलाही वाटत असेल असं मी कुणाला म्हणू देणार नाही. जे बोलायचं होतं ते तो बोलून मोकळा झाला होता. ओझं माझ्याकडे राहिलं होतं.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी शालनबाय कुंपणाला वळसा घालून माझ्या दारात आली. एका हातात लाल स्टूल, खांद्याला कॅमेरा. आता सांत्वन करायचं ते मी, पण रडायला लागले तीही मीच. तिने मला रडू दिलं नाही. "रडूं नाका. चावी खंय आसा?" चवथ मधल्या दिवसांत होऊन गेली होती, सुहासचं मशीन पुढच्या सोमवारी येणार होतं. रविवारी सकाळी आम्ही दोघी पार्शाला पोचलो. पाठीमागच्या दाराचं कुलूप तेल घालून उघडलं. आत उंदीर, जळमटं, ओलीचा वास, आणि काचेच्या कपाटात बाबांनी पालथे घालून ठेवलेले कप. मी आतून अडसर काढला, वरची कडी काठीने ढकलून सोडवली, एकेक फळी ओढून बाहेर वडाला टेकवली. ऊन आत आलं आणि मला माझं मेज दिसलं, जिथे उभी राहून मी कप विसळायची. त्याच्या कडेला माझ्या नावाची अक्षरं कोरलेली होती. ती मीच कोरली होती आणि त्यासाठी मार खाल्ला होता, हे मी साफ विसरले होते.

आम्ही झाडलोट केली, स्टो पेटवला, चहा ठेवला. पहिली बस आली तेव्हा मला वाटलं, कोण थांबणार... ड्रायव्हरने वळणावर सवयीने वेग कमी केला, उघड्या दुकानाकडे बघितलं, पुढे गेला आणि करकचून ब्रेक मारला. खाली उतरून म्हणाला, "भिकाजीलें उगडलां?" त्याच्यामागून कंडक्टर, त्याच्यामागून बाजाराला निघालेल्या दोन बाया, आणि काजूच्या बागेकडे चाललेले सोनूकाका, बाबांचं रोजचं गिऱ्हाईक. मी ओतत होते. कपातलं बशीत सांडत होतं. शालनबाय स्टुलावर चढली. आयुष्यभर ती कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूला, गिऱ्हाइकापाशी कंगवा घेऊन. तरी कॅमेरा तिने असा धरला जसा काही तो तिचाच. "मीना," तिने हाक मारली. मी वर बघितलं. "हनवटी वयर," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

दुपारी दुकान बंद करताना माझी फजिती झाली. फळ्यांवर एक ते नऊ आकडे घातलेले आहेत, बाबांच्या हातचे, पांढऱ्या रंगात. मी बाहेर उभी राहून डावीकडून एक, दोन, तीन अशा लावत गेले आणि काही केल्या जुळेनात. एक खाचेत शिरेना, दुसरी हलत राहिली, नववीला तर जागाच उरली नाही. सोनूकाका वडाखाली बसून बराच वेळ मजा बघत होते. शेवटी म्हणाले, "चेडवा, आंकडे भितरल्यान वाचूंक जाय. तुझो बापूय भितर आसतालो मगे." खरंच की. दुकान आतून लावायचं असतं आणि मागच्या दाराने बाहेर पडायचं असतं. शिकून मोठी झाल्यापासून मी या दुकानासमोर फक्त बाहेर, रस्त्यावर उभी राहिले होते, बाबा कधी येतात याची वाट बघत. मी आत गेले. एक ते नऊ, फळ्या निमूट बसल्या. नववीच्या वरची कडी मात्र हाताला लागेना, बाबा उंच होते. मग वामनबाबचं स्टूल घेतलं.

संध्याकाळी सुहासला फोन केला. म्हटलं, मशीन आणू नकोस. त्याने खचलेल्या छपराची आठवण करून दिली. मी म्हटलं, छप्पर मी घालते, तू चहा प्यायला ये. तो म्हणाला, ताई, तुला अचानक काय झालं? मी त्याला कचेरीतली ती गोष्ट सांगितली. आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्याने ती पुरती ऐकून घेतली. मग म्हणाला, कौलं मी बघतो. चार दिवसांनी शालनबायने फोटो छापून आणला आणि उलटा करून माझ्यासमोर ठेवला. "बरय," म्हणाली, म्हणजे लिही. मी लिहिलं, पार्से, वडाकडचं हॉटेल. भिकाजी आणि त्याची मुलगी मीना. एकवीस चहा. फोटो आता स्टुडिओच्या काचेत आहे, आणि स्टुडिओ रोज नवाला उघडतो. शालनबाय म्हणते, गिऱ्हाईक येवो न येवो, कंगवा तयार आहे.

मी दर रविवारी पार्शाला जाते. गेल्या रविवारी जरा उशीर झाला. मागच्या दाराने आत शिरले आणि फळ्यांच्या फटीतून बघितलं, तर बाहेर एक मोटार थांबलेली. एक तरुण मुलगी मोबाइल आडवा करून बंद फळ्यांचा फोटो काढत होती. मी आतून ओरडले, "थांब, काढू नकोस!" ती दचकली. म्हणाली, "सॉरी, पण बंद आहे तेच किती छान दिसतंय... जुनं, हरवलेलं." मी इथेच ठेवलेलं वामनबाबचं स्टूल ओढलं, चढले, वरची कडी काढली आणि नववी फळी बाजूला केली. मग आठवी, मग सातवी. तोंडावर ऊन आलं. तिला म्हटलं, आधी आत ये, बस, चहा पी. मग काढ फोटो. आणि मागे नीट लिही, ही भिकाजीची मुलगी.